रिटेल कर्जांचे जोखीमगट कसे पाडावेत, म्हणजे बँकेचे भांडवल विनाकारण अडकणार नाही

एका गृहकर्ज खात्याचा उतारा समोर घेऊ. तीस लाखांचा फ्लॅट, सव्वीस लाखांचे कर्ज, वीस वर्षांची मुदत, साडेआठ टक्के व्याज. महिना २२,५६३ रुपयांचा हप्ता, एकही चुकलेला नाही. कर्ज दिले त्या दिवशी कर्जाचे घराच्या किमतीशी असलेले प्रमाण, म्हणजे आपण ज्याला एलटीव्ही म्हणतो ते, ८६.७ टक्के होते. म्हणून त्यावर ५० टक्के जोखीम भार (भांडवल ठेवताना कर्जाचा किती भाग जोखमीचा धरायचा ते प्रमाण) लागला आणि ते बरोबरच होते. व्याजदर तोच धरला तर बेचाळिसावा हप्ता भरल्यावर बाकी चोवीस लाखांच्या खाली येते, एलटीव्ही ८० टक्क्यांच्या आत येतो आणि खाते ३५ टक्क्यांच्या गटात बसते. पण अशी कितीतरी खाती पाच-पाच वर्षे झाली तरी ५० टक्क्यांवरच पडून असतात. एलटीव्हीचा रकाना मंजुरीच्या दिवशी एकदा भरला जातो, पुढे त्याला कोणी हात लावत नाही.

चोवीस लाखांच्या बाकीवर ५० टक्के भाराने जोखीमभारित रक्कम बारा लाख होते, ३५ टक्क्यांनी आठ लाख चाळीस हजार. त्यावर ११.५ टक्क्यांनी भांडवल धरले तर एकीकडे १,३८,००० रुपये, दुसरीकडे ९६,६००. एका खात्यामागे ४१,४०० रुपयांचे भांडवल नुसते अडकून पडले. अशी हजार खाती असतील तर ४ कोटी १४ लाख. तेवढ्या भांडवलावर बँकेला आणखी कितीतरी घरांना कर्ज देता आले असते.

मी बरीच वर्षे बँकांच्या जोखीम विभागात हेच काम करत आले आहे. या अनुभवावरून सांगते, भांडवल वाचवायला कुठलीही हुशारीची क्लृप्ती लागत नाही. प्रत्येक कर्ज जसे आहे तसे ओळखायचे, त्याच्या खऱ्या गटात ठेवायचे आणि तिथे ते का आहे याचा कागद जवळ ठेवायचा. वाचतात ते पैसे यातूनच. हे काम कसे करायचे, ते पायरीपायरीने पुढे मांडले आहे. उदाहरणे व्यावसायिक बँकांना लागू असलेल्या बासेल तीन, म्हणजे बँकांच्या भांडवलाच्या आंतरराष्ट्रीय नियमांची आहेत. नागरी सहकारी बँकांचे भार वेगळ्या परिपत्रकातून येतात आणि दुसऱ्या ते चौथ्या स्तरातल्या बँकांना किमान १२ टक्के सीआरएआर, म्हणजे जोखीमभारित मालमत्तेशी भांडवलाचे प्रमाण, लागतो. तिथल्या सहकाऱ्यांनी पद्धत घ्यावी, आकडे मात्र आपल्या परिपत्रकातून घ्यावेत.

आधी एवढा हिशेब पाठ हवा

कर्जाची रक्कम गुणिले जोखीम भार म्हणजे जोखीमभारित मालमत्ता. तिच्या ९ टक्के किमान भांडवल आणि वर २.५ टक्के संरक्षक राखीव, असे एकूण ११.५ टक्के. बँकेच्या संचालक मंडळाने याहून जास्त पातळी ठरवली असेल तर ती धरा.

भारतात व्यावसायिक बँका पत जोखमीसाठी प्रमाणित पद्धत वापरतात. भार रिझर्व्ह बँक ठरवून देते. कोणते कर्ज कोणत्या भाराला पात्र आहे हे दाखवून देणे बँकेचे काम. पुरावा नसला की कर्ज वरच्या भारात जाते, आणि जायलाच हवे. रिटेलमध्ये रोज लागणारे भार असे:

गृहकर्ज, मंजुरी ३० लाखांपर्यंत: एलटीव्ही ८० टक्क्यांपर्यंत ३५, ८० ते ९० टक्के असेल तर ५०.
गृहकर्ज, ३० ते ७५ लाख: एलटीव्ही ८० टक्क्यांपर्यंत ३५.
गृहकर्ज, ७५ लाखांच्या वर: एलटीव्ही ७५ टक्क्यांपर्यंत ५०.
नियामक रिटेल गट (छोटे व्यवसाय, शैक्षणिक कर्ज): ७५.
वाहनकर्ज: १००.
वैयक्तिक कर्ज आणि इतर ग्राहककर्ज: १२५.
क्रेडिट कार्डाची येणी: १५०.
स्वतःच्या कर्मचाऱ्यांची कर्जे, निवृत्तिलाभांनी किंवा घराच्या गहाणाने पूर्ण सुरक्षित असतील तर: २०.

शेवटून दुसरी आणि तिसरी ओळ पूर्वी वेगळी होती. सप्टेंबर २०१९ मध्ये कार्डे सोडून बाकी ग्राहककर्जांचा भार १२५ वरून १०० वर आणला गेला. पुढे विनातारण कर्जे झपाट्याने वाढू लागली, तेव्हा १६ नोव्हेंबर २०२३ च्या परिपत्रकाने तो पुन्हा १२५ झाला आणि कार्डांचा १२५ वरून १५०. घर, शिक्षण, वाहन आणि सोनेतारण यांना या वाढीतून वगळले आहे. त्या दिवसापासून चुकीच्या गटाची किंमत वाढली. शैक्षणिक कर्जाचे आठ लाख चुकून वैयक्तिक कर्जात पडले तर एका खात्यामागे ४६,००० रुपयांचे भांडवल जास्त लागते.

पायरी १: कर्जनिहाय यादी, आणि ती ताळेबंदाशी जुळवणे

कोअर बँकिंगमधून, म्हणजे बँकेच्या मध्यवर्ती संगणक प्रणालीतून, प्रत्येक खात्याची एक ओळ काढा. ग्राहक क्रमांक, मंजुरीची तारीख, मंजूर रक्कम, आजची बाकी (व्याज आणि इतर आकार धरून), उत्पादन संकेत, कर्जाचा हेतू, तारणाचा प्रकार, तारणाचे मूल्य, मूल्यांकनाची तारीख, थकीत दिवस, केलेली तरतूद (संभाव्य बुडीत रकमेसाठी बाजूला ठेवलेले पैसे). एवढे रकाने लागतातच. यादीची बेरीज सामान्य खातेवहीतल्या शिल्लकेशी रुपयाला रुपया जुळेपर्यंत पुढची पायरी चढू नका. इथे दोन लाखांचा फरक सोडला की पुढे दोन कोटींचा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे मूळ सापडत नाही.

तारखांकडे खास लक्ष द्या. एका बँकेत गृहकर्जांच्या यादीत शेकडो खात्यांची मंजुरीची तारीख एकच दिसली. चौकशी केल्यावर कळले, की सॉफ्टवेअर बदलले त्या दिवसाची तारीख सगळ्या जुन्या खात्यांना चिकटली होती. मूळ तारखा शाखांतल्या मंजुरीपत्रांवर होत्या. त्या शोधून भरायला आमचे तीन महिने गेले. तारखेवर किती अवलंबून असते ते तिसऱ्या पायरीत येईल.

पायरी २: एक माणूस, एक ओळख

एकाच व्यक्तीचे घर एका शाखेत, दुकानाचे कॅश क्रेडिट दुसऱ्या शाखेत, कार्ड तिसरीकडे, असे सर्रास असते. नियामक रिटेल गटात बसायला एका कर्जदाराची एकूण रिटेल रक्कम साडेसात कोटींच्या आत लागते. ऑक्टोबर २०२० पर्यंत ही मर्यादा पाच कोटी होती. शिवाय कोणा एकाकडे पूर्ण रिटेल गटाच्या ०.२ टक्क्यांहून जास्त रक्कम असता कामा नये. हा हिशेब करताना अनुत्पादित (नव्वद दिवसांहून जास्त थकलेली) खाती रिटेल गटाच्या एकूण रकमेतून वगळायची. मुदत कर्ज असेल आणि पुन्हा उचल करता येत नसेल तर आजची बाकी धरायची. कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्टला मंजूर मर्यादा आणि बाकी यांतली मोठी रक्कम धरायची.

ग्राहक एकत्र केल्यावर आणखी एक गोष्ट उघड होते. एकाच माणसाला तिसऱ्या किंवा त्यापुढच्या घरासाठी कर्ज दिले असेल तर ते गृहकर्ज न राहता व्यावसायिक स्थावर मालमत्तेत मोडते. ग्राहक क्रमांक चार वेगवेगळे असतील तर ही गोष्ट दिसतच नाही. इथे भांडवल वाढेल, आणि ते वाढू द्या.

पायरी ३: गृहकर्ज, सर्वांत मोठे घबाड

बहुतेक बँकांत रिटेलमधले सर्वांत जास्त अडकलेले भांडवल इथेच सापडते. तीन रकाने बरोबर हवेत: मंजुरीची रक्कम, मंजुरीची तारीख आणि आजचा एलटीव्ही.

एलटीव्हीच्या वरच्या बाजूला आजची पूर्ण बाकी येते: मुद्दल, साचलेले व्याज आणि इतर आकार. खालच्या बाजूला गहाण घराचे वसूल होऊ शकेल असे मूल्य. म्हणजे हप्ते फिटत जातात तसा एलटीव्ही उतरतो आणि कर्ज खालच्या भाराकडे सरकते. म्हणून हा रकाना दर महिन्याला नव्याने काढायचा असतो. मंजुरीच्या वेळचा एलटीव्ही वेगळ्या रकान्यात जपून ठेवा, त्याच्यावर नवा आकडा चढवू नका. तपासणीच्या वेळी दोन्ही विचारले जातात.

खालच्या बाजूची चूक उलट दिशेने होते. पुण्यात पन्नास लाखांच्या फ्लॅटवर पुरुष खरेदीदाराला साधारण सात टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेतीन लाख, आणि तीस हजार नोंदणी शुल्क पडते. ग्राहकाचा खर्च ५३ लाख ८० हजार. शाखेने हीच किंमत धरून ८० टक्क्यांच्या हिशेबाने ४३ लाख दिले. पण मुद्रांक, नोंदणी आणि कागदपत्रांचा खर्च घराच्या किमतीत धरता येत नाही. फक्त दहा लाखांपर्यंतच्या घरांना ती सवलत आहे. खरा एलटीव्ही ८६ टक्के निघतो आणि या रकमेच्या गटात ८० टक्क्यांच्या वर जागाच नाही. असे कर्ज ३५ टक्क्यांत दाखवले असेल तर तो दोष आहे, आणि लेखापरीक्षकाने तो काढण्याआधी तुम्ही काढायला हवा.

आता तारीख. करोनाच्या काळात, १६ ऑक्टोबर २०२० पासून मंजूर झालेल्या नव्या गृहकर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने रकमेची अट काढून टाकली आणि भार फक्त एलटीव्हीवर ठेवला: ८० टक्क्यांपर्यंत ३५, ८० ते ९० ला ५०. आधी ही सोय मार्च २०२२ अखेरपर्यंत होती, नंतर ३१ मार्च २०२३ पर्यंत वाढवली. त्या अडीच वर्षांत मंजूर झालेले ७५ लाखांच्या वरचे कर्ज, एलटीव्ही ८० च्या आत असेल, तर ३५ टक्क्यांत बसते. या मुदतीच्या बाहेर ते ५० टक्क्यांत गेले असते. नव्वद लाखांच्या बाकीवर हा फरक १,५५,२५० रुपयांच्या भांडवलाचा आहे. मुंबई, ठाणे, पुण्याच्या शाखांत अशी खाती भरपूर असतात. ज्या बँकेने सॉफ्टवेअर बदलताना मंजुरीची तारीख गमावली, तिने ही सवलतही गमावली.

मूल्यांकनाबद्दल एक सावधगिरी. घरांच्या किमती वाढल्या म्हणून सगळ्या घरांचे नवे चढे मूल्यांकन घ्यायचे आणि एलटीव्ही उतरवायचा, असा मोह होतो. माझे स्पष्ट मत आहे, की फक्त भार उतरवण्यासाठी मूल्य वाढवू नये. मूल्यांकनाचे धोरण असेल तर ते चढत्या आणि उतरत्या दोन्ही बाजारांत सारखेच लावा. हप्त्यांनी उतरलेला एलटीव्ही कुणी हिरावून घेत नाही. बाजाराने उतरवलेला एलटीव्ही बाजारच परत चढवतो.

पायरी ४: सोने, ठेवी आणि कागदी तारण

सोनेतारणात बचत फार मोठी असू शकते, कारण सोने हे मान्यताप्राप्त आर्थिक तारण आहे. नियमातली कपात (भाव उतरू शकतो म्हणून मूल्यातून आधीच वजा करायचा भाग) लावून उरलेले मूल्य कर्जापेक्षा जास्त असेल तर भार लावायला कर्ज उरतच नाही. पण मूल्य काढण्यात काटेकोरपणा लागतो.

पाटल्यांचा एक जोड घ्या. तराजूवर ४२ ग्रॅम. आतली लाख दोन ग्रॅम वजा केली की ४० ग्रॅम. दागिना २२ कॅरेटचा, आणि नियम म्हणतो मूल्य ९९.९९ शुद्धतेत आणून धरा, म्हणून ४० गुणिले २२ भागिले २४, म्हणजे ३६.६७ ग्रॅम. हिशेबाच्या सोयीसाठी ग्रॅमचा दर दहा हजार धरू: मूल्य ३,६६,७०० रुपये. सोन्यावरची कपात १५ टक्के, उरले ३,११,६९५. कर्ज २,६०,००० रुपये. पूर्ण झाकले गेले. वर्षाने व्याज एकदम भरायचे असेल आणि दर नऊ टक्के असेल तर वर्षअखेरीला बाकी २,८३,४०० होते. तीही झाकलेलीच. पण याच काळात सोने १५ टक्क्यांनी उतरले तर कपातीनंतरचे मूल्य २,६४,९४१ राहते आणि सुमारे साडेअठरा हजार उघडे पडतात. त्या उघड्या भागावर कर्जाच्या प्रकाराप्रमाणे भार लागतो. म्हणून सोन्याच्या गटाचा हिशेब महिन्यातून एकदा पुरत नाही, भाव हलला की करावा लागतो.

ज्या शाखेत तराजूवरचे ४२ ग्रॅम तसेच सिस्टिममध्ये चढतात, तिथे तारणाचे मूल्य ४,२०,००० दिसते. मंगळसूत्रातले काळे मणी, नथीतले मोती, ठुशीतला दोरा, हे सगळे सोने म्हणून मोजले जाते. सराफाच्या पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ वजन हे दोन आकडे असतात. सिस्टिममध्ये दोन्हींना रकाने हवेत.

जून २०२५ च्या सोने-चांदी तारण निर्देशांनी अडीच लाखांपर्यंतच्या उपभोगाच्या कर्जांना ८५ टक्क्यांपर्यंत एलटीव्हीची मुभा दिली, अडीच ते पाच लाखांना ८० आणि त्यावर ७५. भाव मागच्या तीस दिवसांची सरासरी आणि आदल्या दिवसाचा बंद भाव यांतला कमी तो धरायचा. ग्राहकाच्या दृष्टीने ८५ टक्के चांगले. भांडवलाच्या दृष्टीने बघा: १५ टक्के कपात आणि ८५ टक्के कर्ज, मधे उशी उरत नाही. भाव जरा घसरला की खाते उघडे पडते. छोट्या सोनेकर्जांचा गट वेगळा ठेवून त्याच्यावर जास्त बारीक नजर हवी.

ठेवीवरची कर्जे सोपी, कारण आपल्याच बँकेतल्या ठेवीवर कपात शून्य. पण ठेव मुदत संपून नव्या क्रमांकाने नूतनीकरण झाली, की तारणाचा दुवा तुटतो आणि कर्ज विनातारण दिसू लागते. जुना आणि नवा ठेव क्रमांक जोडणारा अहवाल दर महिन्याला काढा. विमा पॉलिसीला जाहीर समर्पण मूल्य हवे, आणि राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र किंवा किसान विकास पत्र असेल तर त्याचा बंदिस्त काळ संपलेला हवा.

पायरी ५: धंद्याचे कर्ज की घरखर्चाचे

किराणा दुकानदाराला दहा लाखांचे कर्ज दिले. अर्ज त्याच्या स्वतःच्या नावाने, पॅन त्याचे, दुकान एकट्याच्या मालकीचे. शाखेने सोपा उत्पादन संकेत निवडला: वैयक्तिक कर्ज. भार १२५. तेच कर्ज छोट्या व्यवसायाचे म्हणून सिद्ध झाले तर ७५, आणि भांडवलात ५७,५०० रुपयांचा फरक. त्याला सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या हमी निधीची, म्हणजे सीजीटीएमएसईची हमी असेल तर हमीने झाकलेल्या भागाचा भार आणखी खाली जातो.

सिद्ध कशाने करायचे? उद्यम नोंदणी, जीएसटी विवरण असेल तर ते, दुकानाचा परवाना, माल खरेदीची बिले, आणि पैसे कुठे गेले ते दाखवणारा खात्याचा उतारा. शेवटचा पुरावा सर्वांत बोलका. पैसे घाऊक व्यापाऱ्याकडे गेले असतील तर कर्ज धंद्याचे. मंगल कार्यालयाकडे गेले असतील तर अर्जात काहीही लिहिलेले असो, ते घरखर्चाचे. १२५ टक्क्यांतून ७५ वर न्यायच्या प्रत्येक खात्यासाठी हा उतारा फाइलला लावा. नाही लावता आला तर खाते हलवू नका.

वाहनावर दिलेली वाढीव कर्जे तपासा. नोव्हेंबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे, मूल्य घटत जाणाऱ्या जंगम वस्तूवरचे टॉप-अप कर्ज विनातारण मानायचे आहे. ती वाहनकर्जाच्या संकेताखाली १०० टक्क्यांत बसलेली असतात. बाहेर काढा. सूक्ष्म वित्ताच्या कर्जांबाबत फेब्रुवारी २०२५ मध्ये खुलासा आला: ग्राहककर्जाच्या स्वरूपाची असतील तर १००, नियामक रिटेलच्या अटी पाळत असतील तर ७५. अशी कर्जे देणाऱ्या बँकांनी हे दोन संकेत वेगळे करायला हवेत.

पायरी ६: थकलेली खाती

नव्वद दिवस उलटले की खाते आपल्या जुन्या गटातून उठते. विनातारण भागावर, तरतूद वजा जाता, भार तरतुदीप्रमाणे ठरतो: बाकीच्या २० टक्क्यांहून कमी तरतूद असेल तर १५०, २० टक्के किंवा जास्त असेल तर १००, ५० टक्के किंवा जास्त असेल तर ५०. तरतूद उशिरा चढवली तर भांडवल जास्त लागते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

पायरी ७: बँकेचे स्वतःचे गट

इथवर नियमाने दिलेल्या गटांत कर्जे बसवली. जगातल्या अनेक मोठ्या बँका यापुढे जातात. अंतर्गत मानांकन पद्धतीत बँक स्वतः रिटेल कर्जांचे सारख्या जोखमीचे गट पाडते, प्रत्येक गटाची वर्षभरात थकण्याची शक्यता आणि थकल्यावर होणारे नुकसान मोजते आणि बासेलच्या सूत्रातून भांडवल काढते. भारतात ही पद्धत भांडवलासाठी वापरायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. पण अंतर्गत भांडवल मूल्यांकन, व्याजदर ठरवणे आणि अपेक्षित नुकसानीची तरतूद यांसाठी असे गट आजच उपयोगी पडतात.

गट पाडल्याने भांडवल कमी का होते, हे एका हिशेबाने पाहू. हजार कोटींची गृहकर्जे. त्यात ६०० कोटींची थकण्याची शक्यता ०.५ टक्के, ३०० कोटींची २ टक्के, १०० कोटींची १० टक्के. थकल्यावर नुकसान सगळ्यांत २५ टक्के धरू. बासेलच्या गृहकर्ज सूत्रात, १५ टक्के सहसंबंध (कर्जे एकाच वेळी थकण्याचा कल) आणि ९९.९ टक्के खात्री घेऊन, शंभर रुपयांवर पहिल्या गटाला १.५६ रुपये भांडवल लागते, दुसऱ्याला ३.९१, तिसऱ्याला ९.०९. एकूण ३०.१६ कोटी. आता गट न पाडता सगळ्यांची सरासरी शक्यता, १.९ टक्के, धरली तर शंभराला ३.७९, म्हणजे ३७.८७ कोटी. अपेक्षित नुकसान दोन्हीकडे ४.७५ कोटीच आहे. फरक पडला तो भांडवलात, साडेसात कोटींच्या वर. कारण सूत्राचा वक्र वर जाताना वाकत जातो: शक्यता चौपट झाली तरी भांडवल अडीचपटच झाले. सगळ्यांना सरासरीला बसवले की चांगल्या कर्जदारांवर न लागणारे भांडवल चढते.

आता इथला सापळा. हाच वाकलेला वक्र खोटी बचतही दाखवतो. ३०० सारखी कर्जे घ्या, खरी शक्यता २ टक्के, वर्षात सहा थकली. त्यांचे डोळे मिटून दहा गट पाडा, प्रत्येकात तीस. समजा पाच गटांत एकही थकले नाही, चारांत एक, एकात दोन. प्रत्येक गटाचा आपापला दर घेऊन हिशेब करा: नियमातली किमान शक्यता धरूनही शंभराचे ३.९१ रुपयांचे भांडवल तीन रुपयांच्या आसपास येते. कर्जे तीच, जोखीम तीच, एक पैशाची सुरक्षितता वाढलेली नाही. फक्त योगायोगाला गटाचे नाव दिले गेले. बारीक गट पाडत गेलात तर आकडा उतरतच जाईल, म्हणून आकडा उतरला हा गट बरोबर असल्याचा पुरावा कधीच होत नाही.

तेव्हा गट असे पाडा. बासेलचे नियम या तीन गोष्टी बघायला सांगतात: कर्जदार कसा आहे, कर्ज आणि तारण कसे आहे, आणि खाते थकीत आहे का. आपल्याकडे पहिल्यासाठी पगार की धंदा, ब्यूरो स्कोअर (पत माहिती कंपनीने दिलेले गुण), नोकरीची वर्षे. दुसऱ्यासाठी उत्पादन आणि एलटीव्ही. तिसऱ्यासाठी गेल्या बारा महिन्यांत किती वेळा हप्ता उशिरा आला. आधी दोन-तीन रकान्यांनीच सुरुवात करा. प्रत्येक गटात इतकी खाती हवीत, की वर्षभरात थकलेली खाती मोजायला पुरेशी मिळतील. दोन शेजारच्या गटांचे दर जवळजवळ सारखे निघाले तर ते एक करा. निदान पाच वर्षांची आकडेवारी घ्या आणि त्यात एक तरी वाईट वर्ष असू द्या. २०२०-२१ चे वर्ष हप्ते स्थगितीमुळे फसवे आहे, थकण्याचे आकडे त्यात दबलेले दिसतात, म्हणून ते वेगळे काढून बघा.

मग खरी परीक्षा घ्या. एका काळाच्या आकड्यांवर गट पाडा आणि पुढच्या वर्षाच्या आकड्यांवर तपासा. गटांचा क्रम तोच राहिला, चांगला गट चांगला आणि वाईट गट वाईट निघाला, तर बचत खरी. क्रम उलटापालटा झाला तर गट मोडून पुन्हा पाडा. ही परीक्षा गट पाडणाऱ्या माणसाने घेऊ नये. दुसऱ्या विभागातल्या कोणीतरी घ्यावी.

पायरी ८: बदल कोणी मंजूर करायचा

दर महिन्याला एक हालचाल तक्ता काढा: किती खाती खालच्या भारात गेली, किती वरच्या, आणि प्रत्येक हालचालीचे कारण काय. फक्त खाली जाणारीच खाती दिसत असतील तर कुठेतरी एकतर्फी नियम लागलाय. खालच्या भारात जाणारे खाते शाखेने सुचवावे, जोखीम विभागाने कागद बघून मंजूर करावे. वरच्या भारात जाणारे सिस्टिमने आपोआप हलवावे, त्याला मंजुरी लागू नये.

आणि पुढच्या काही वर्षांचे रकाने आजच उघडून ठेवा. डिसेंबर २०१७ च्या अंतिम बासेल सुधारणांत गृहकर्जाचे एलटीव्ही टप्पे बरेच बारीक झाले आहेत: ५० टक्क्यांच्या आत २० टक्के भार, ५० ते ६० ला २५, ६० ते ८० ला ३०. कार्डांतही बारा महिने दर बिल पूर्ण फेडणाऱ्यांचा ४५ टक्क्यांचा वेगळा गट आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुधारित प्रमाणित पद्धतीचा मसुदा आणला, १ एप्रिल २०२७ पासून लागू करण्याच्या बेताने. त्याचा रोखही असाच जास्त बारीक गटांकडे आहे. मागच्या बारा महिन्यांचा बिलभरणा साठवून ठेवला नसेल, तर त्या दिवशी तो कुठून आणणार? या महिन्यापासून साठवायला लागा.

उद्या सकाळी सुरुवात करायची असेल तर आपल्या सर्वांत मोठ्या शाखेतली तीस लाखांच्या आतली, चार वर्षांहून जुनी गृहकर्जे काढा आणि त्यांचा आजचा एलटीव्ही हाताने मोजा. पन्नास खाती पुरे.